पाचव्या खणातलं दार

माझ्या बायकोला माझ्यापेक्षा जास्त समोरच्या अप्पांनी बघितलं. हे मी जळून लिहून राहिलो, आधीच सांगतो. ती जाऊन आता तीन महिने होतील. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला दुःख झालंय. झालंय. पण दुःख रात्रीपुरतं असतं, दिवसभर मी जळतच असतो.

मी चौथी शिकलो. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते एवढंच, की गाडी आली, गाडी गेली. लातूरला औसा रोडच्या एका दाळमिलच्या फाटकावर मी सव्वीस वर्षं राखणीला होतो, दिवसपाळीला. खुर्ची, काठी अन् डोक्यावर मिलची खाकी टोपी. माझी नजर लई पक्की. ड्रायव्हर पिऊन आलाय का, कुणाच्या कमरेला दाळ बांधलीय, कोणतं पोतं उगंच जड वाटून राहिलंय, हे मला माणसाच्या चालीवरून कळायचं. कधी कुणाच्या अंगाला हात लावून झडती घेतली न्हाई. नुसतं बघायचो. बघितलं की चोर स्वतःच कंबर मोकळी करायचा.

मग मालकानं सोळा क्यामेरे बसवले. मालक चांगला माणूस. मला ऑफिसात बोलावलं, भिंतीवरची टीव्ही दाखवली. टीव्हीत सोळा खण, जसे मिसळणाच्या डब्यात असतात तसे. एका खणात गोदाम, एकात वजनकाटा, एकात माझी रिकामी खुर्ची.

"काका, आता आराम करा," मालक म्हणाला. "सोळा डोळे लागलेत."

मी म्हणलं, "डोळे सोळा हायेत मालक, पण एकाला तरी ओळख हाय का?"

तो हसला. मला शाल घातली, पेढे दिले, अन् मी घरी आलो. टोपी मात्र परत दिली न्हाई. त्यांनी मागितलीपण न्हाई.

घरी बसणं मला जमंना. दुपारी दोन वाजले की टोपी घालायची, सायकल काढायची अन् मिलसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचं. कशाला? तर क्यामेऱ्यांचं काय चुकतं ते बघायला. एकदा काट्यावरच्या क्यामेऱ्याला कोळ्यानं जाळं केलं. मला इतका आनंद झाला, की आठ दिवस मी कुणाला सांगितलंच न्हाई. चहावाला म्हणायचा, "काका, आधी तुम्ही मिलचे राखणदार होता, आता क्यामेऱ्याचे झालात."

बायको वेगळं म्हणायची. "लोकांच्या नवऱ्यांना बाहेर बाई असती. तुम्हाला फाटक हाय."

"तू गप."

"गपच हाय मी. सवत असती तर दोन शब्द बोलले तरी असते तिला. फाटकाला काय बोलू?"

तिची जीभ अशी होती. माझी त्याहून खराब. चाळीस वर्षं आमची तकरार चालली, पण एका गोष्टीवरून माझ्या मनात खरंच कढ होता. मी संध्याकाळी पाचच्या सुमाराला परत यायचो. गल्लीच्या कोपऱ्यावर वळण हाय, तिथं लेकरं खेळत असतात, म्हणून घंटी वाजवायचो. ट्रिंग ट्रिंग. पूर्ण गल्लीला कळायचं की मी आलो. गल्लीतल्या बाया दारात दिसायच्या, कुणी तांदूळ निवडत, कुणी नुसतीच उभी. माझं दार कायम मोकळं. सव्वीस वर्षं कामावरून आलो तेव्हाही मोकळं, अन् टपरीवरून येऊ लागलो तेव्हाही मोकळं. मी सायकल भिंतीला लावायचो, उंबरा ओलांडायचो, टोपी खुंटीला अडकवायचो, तर ही आत चुलीपाशी, नंतर नंतर गॅसपाशी, पाठमोरी.

"कधी तरी दारात येत जा," मी म्हणायचो. "माणूस आलंय का मेलंय, तुला पत्ता नसतो."

"दारात ताटकळणारी बाई चांगली दिसती का?" ती म्हणायची. "गल्लीतल्या पोरी हसतील. म्हणतील, म्हातारीला म्हाताऱ्याचं याड हाय."

मी म्हणायचो, तुला काय याड असणार, तुला दगड दिलाय देवानं. असं मी म्हणायचो. लिहायला बसलो तर खरं लिहावं.

आता अप्पा. अप्पा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. खाली भांड्याचं दुकान, वर दोन मजली घर, माझ्या दाराच्या बरोबर समोर. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, तोंडात "शिवा शिवा". वाईट माणूस न्हाई. पण मला त्यांचा कायमचा जळफळाट. त्यांचं सगळं मोठं. पाण्याची टाकी मोठी, लेकरं मोठ्या नोकरीला, पोटपण मोठं. दोन वर्षांखाली त्यांनी क्यामेरे बसवले. आठ. दुकानात दोन, जिन्यात एक, गच्चीवर एक, गोदामावर एक, अन् गल्लीवर तीन. त्यातला एक माझ्या दाराकडं तोंड करून.

मी दुकानात गेलो. दोन गिऱ्हाईकं बसली होती.

"अप्पा, तुमचा एक डोळा माझ्या दारावर हाय."

"दारावर न्हाई रे, गल्लीवर. तुझं दार गल्लीत येतं त्याला मी काय करू? उचलून मागं ठेवू का?"

गिऱ्हाईकं हसली. मला राग आला. "माझ्या घराची राखण मी करीन. मला तुमच्या डोळ्याची गरज न्हाई."

"तू घरी असतोस कुठं?" अप्पा म्हणाले. "तू तर मिलच्या क्यामेऱ्यांची राखण करतोस."

गिऱ्हाईकं परत हसली. त्या दिवसापासून मी अप्पांशी बोललो न्हाई. समोर दिसले तर सायकलच्या चाकाकडं बघायचो.

पण बायकोचं उलटंच. क्यामेरा लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती झाडायला, सडा टाकायला बाहेर पाऊल टाकायची ती डोक्यावर पदर घेऊन. मी बघितलं. बघणं माझं कामच होतं.

"हे कुणासाठी?"

"अप्पा बघत असतील. थोरल्या दिराच्या जागी हायेत."

"अप्पा दुकानात बसलेत. तो नुसता डबा हाय."

"डब्यातून माणूसच बघतं की."

"अन् माझ्यासमोर? चाळीस वर्षांत माझ्यासमोर कधी डोक्यावर पदर घेतलास?"

ती हसली. पदराचं टोक दातात धरलं अन् झाडायला लागली. मला ते लागलं. मला वाटलं, मिलनं डब्यासाठी मला काढलं, अन् हिनंपण डब्याला मान दिला, मला न्हाई. रोज सकाळी तो पदर डोक्यावर जायचा अन् रोज सकाळी माझ्या पोटात आग पडायची. कुणाला सांगायची सोय न्हाई. काय सांगणार, माझी बायको क्यामेऱ्याची इज्जत ठेवती?

मग ती गेली. एका सकाळी अंग जड वाटतं म्हणून ती झाडायला बाहेर आली न्हाई, अन् दुपारी तिला चक्कर आली, मी टपरीवर होतो, आक्कानं, म्हणजे अप्पांच्या मंडळींनी, फोन केला. दोन दिवस दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. जास्त लिहीत न्हाई. अप्पा मातीला आले होते, बाजूला उभे राहिले. मी बोललो न्हाई.

भिंतीवर लावायला फोटो पाहिजे, तर फोटो न्हाई. लग्नातल्या फोटोत तिची मान खाली. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. त्यात ती पोलीस ठाण्यात बसवल्यासारखी दिसती. तेराव्याला लोक त्या फोटोला हात जोडत होते अन् मी मनात म्हणत होतो, ही कोण बाई हाय?

तेरावा झाला अन् लेक मला नांदेडला घेऊन गेली. एकुलती एक लेक. जावयाचं वह्या-पुस्तकांचं दुकान हाय, वजिराबादच्या बाजूला. लेक मोबाईल उघडून बसायची अन् रडायची.

"बाबा, आईचा चालता-बोलता एकपण व्हिडिओ न्हाई माझ्याकडं. जुन्या मोबाईलमध्ये होते, तो पाण्यात पडला."

मी जावयाच्या दुकानात जाऊन बसायचो. तिथंपण क्यामेरे, चार. मी त्यांच्याकडं पाठ करून बसायचो.

चौथ्या दिवशी एक बाई पळत आली. तिची बांगड्यांची पिशवी हरवली होती. "मावशी, थांबा, मागं नेऊन बघतो," जावई म्हणाले. त्यांनी टीव्हीवर काहीतरी केलं अन् सकाळचं दुकान दिसायला लागलं. बाई आली, पिशवी काऊंटरखाली ठेवली, वह्या घेतल्या, पिशवी तिथंच. काऊंटरखाली बघितलं तर पिशवी होती. बाई आशीर्वाद देत गेली.

मी खुर्ची वळवली. "जावईबापू, हे किती मागं जातं?"

"पंधरा दिवस, मामा. मग नवं भरत जातं, तसं जुनं आपोआप पुसत जातं."

समोरच्या अप्पांचा क्यामेरा. माझ्या दाराकडं तोंड करून. ती रोज सकाळी झाडायची. डोक्यावर पदर घेऊन झाडायची, चालायची, हलायची. ती अप्पांच्या डब्यात होती. चालती-फिरती. अन् तो डबा चालू होता.

"बाबा, मी अप्पांना फोन करते," लेक म्हणाली.

"न्हाई. माझ्या बायकोचं मी विचारीन."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. लोहा येईपर्यंत बोटं मोजली. दवाखान्याचे दोन दिवस. गेल्यापासून तेराव्यापर्यंत तेरा. नांदेडचे चार. आजचा एक. वीस. परत मोजले. वीसच. जावयाचा डबा पंधरा दिवसांचा. अप्पांचा किती दिवसांचा? अप्पा सगळं मोठं घेणारा माणूस. अहमदपूरला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, मी जागेवरच बसून राहिलो अन् आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हणलं, अप्पांचं मोठं असू दे.

दुपारी गल्लीत पोचलो. दुकान बंद. वर गेलो तर आक्का एकट्याच.

"भाऊ, या. अप्पा तर रेणापूरला गेलेत, भाचीच्या लग्नाला. हळद, लग्न, पूजा करूनच येतील. परवा संध्याकाळी."

परवा! मी त्यांच्या बैठकीत उभा राहिलो. समोर भिंतीवर टीव्ही, त्यात आठ खण. तिसऱ्यात गल्लीचा कोपरा. पाचव्यात माझं दार, कुलूप लावलेलं, उंबऱ्याला कुत्रं झोपलेलं. टीव्हीच्या खाली एक चपटा डबा, त्यात हिरवा दिवा लुकलुकत होता अन् आतून बारीक घरघर येत होती.

"आक्का, ह्यात मागचं दिसतं का?"

"मला न्हाई येत भाऊ ते. अप्पा हातसुद्धा लावू देत न्हाईत."

मी त्या घरघरीकडं कान लावून बसलो. मिलमध्ये मोठी कोठी असती, वरून नवी तूर पडत राहती अन् खालून जुनी निघत राहती. सव्वीस वर्षं बघितलंय. वरचं थांबवलं तर खालचंही थांबतं, हे मला शिकवायची गरज न्हाई. डब्यात वरून काय पडत होतं? माझं कुलूप. झोपलेलं कुत्रं. अन् त्या कुत्र्याला जागा करायला खालून ती निघून जात होती. घरघर, घरघर.

मी वाकलो अन् पिन उपसली. टीव्ही काळी झाली. हिरवा दिवा गेला.

"अहो भाऊ! काय करून राहिलात? अप्पा मला खातील!"

"खाऊ द्या. हा डबा तिला पुसून राहिलाय."

"कुणाला?"

मी तिचं नाव घेतलं. आक्कानं पदरानं डोळे पुसले, मग म्हणाल्या, "पण दुकान? गोदाम? चोर आला तर?"

"मी हाय की राखणीला. खुर्ची द्या."

खुर्ची दिली. मी पिन मुठीत धरून डब्याशेजारी बसलो. दहा मिनिटांत आक्काचा फोन वाजला. रेणापूरच्या मांडवात अप्पांच्या मोबाईलमध्ये सगळे क्यामेरे बंद दिसले होते.

"अहो, समोरचे भाऊ आलेत," आक्का सांगत होत्या. "पिन काढलीय त्यांनी. न्हाई, सोडंनात. न्हाई हो, प्यालेले न्हाईत. मंडळींचं बघायचंय म्हणतात."

पलीकडून अप्पांचा आवाज मला इथवर आला. "त्याला म्हणावं, तिथंच बस! हलू नको!"

मी कुठं हलणार होतो? आक्कानं चहा दिला. मिलचं फाटक सुटल्यापासून खुर्चीवर बसून राखण करायला मला पहिल्यांदाच मिळालं, अन् तेही ज्याच्यावर जळलो त्याच्या घरात, बंद पडलेल्या डब्याची.

दीड तासानं अप्पा आले. डोक्याला लग्नाचा फेटा, अर्धा सुटलेला, घामानं विभूती ओघळलेली. दाराला धरून त्यांनी दम घेतला.

"चोर कुठाय?"

"हा काय बसलाय."

दोन वर्षांनी आम्ही बोललो ते हे.

त्यांनी फेटा काढून ठेवला. माझ्या मुठीतल्या पिनकडं बघितलं. म्हणाले, "पाणी पिऊ का आधी? का तेपण बंद केलंस?"

"अप्पा, किती दिवस राहतं ह्यात?"

"एकवीस."

मी बोटं मोजायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. "मी गाडीवर मोजलेत. एक संध्याकाळ शिल्लक हाय. तू पिन काढली नसतीस अन् मी परवा आलो असतो, तर तीपण गेली असती."

"म्हणजे मी बरोबर केलं?"

"गाढवपणा केलास," अप्पा म्हणाले. "पण बरोबर केलास. दे इकडं."

मी पिन दिली. सांगायला लाज वाटती, पण देताना माझी मूठ लवकर उघडली न्हाई.

डबा परत घरघरू लागला. अप्पांनी चष्मा लावला अन् एका बोटानं, अभिषेकाला पाणी सोडल्यासारखं हळूहळू, मागं नेलं. दिवस उलटे गेले. लोक उलटे चालले. माझ्या दारातला तेराव्याचा मांडव उलटा उतरला. मी म्हणलं, "सकाळचं लावा. झाडतानाचं."

"सकाळचं पुसलं गेलं. दुपारनंतरचं हाय."

"मग काय दिसणार? दुपारनंतर ती बाहेर येतच न्हाई."

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. टीव्हीत आठी खण चालू झाले. आवाज नव्हता. कोपऱ्यातल्या आकड्यांत पावणेपाच व्हायला आले होते.

पाचव्या खणात माझं दार उघडलं. ती बाहेर आली.

हिरवं लुगडं. बाहेर आली तशी डाव्या हातानं पदर डोक्यावर घेतला अन् एकदा वर क्यामेऱ्याकडं बघितलं, घरात वडीलधारं बसलेलं असावं अन् त्याच्यासमोरून जावं तसं. माझ्या पोटात नेहमीसारखी आग पडली. मेलेल्या माणसावरपण जळता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग ती चौकटीला हात लावून उभी राहिली. हातात सूप न्हाई, झाडू न्हाई. नुसती उभी. एका पायानं दुसऱ्या पायाची टाच चोळत होती, तिच्या टाचा भेगाळलेल्या. तोंड कोपऱ्याकडं. मधे आत गेली, काहीतरी उतू जात असणार, लगेच परत आली. परत तिथंच उभी. परत टाच.

"हे काय करून राहिली?" मी विचारलं.

"गप बस. तीन नंबरमध्ये बघ."

तिसऱ्या खणात गल्लीचा कोपरा. लेकरं खेळत होती. त्यातून मी आलो. खाकी टोपी, सायकल, छाती काढलेली, जसं काय मिलचा मालकच. माझा अंगठा घंटीवर गेला.

त्याच वेळी पाचव्या खणात तिची मान वळली. ती हसली. माझ्या त्या छाती काढून येण्यावर हसली असणार. चाळीस वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं न्हाई, कारण मी समोर असलो की ती असं हसायची न्हाई. मग ती चटकन आत गेली. उंबरा ओलांडताना पदर डोक्यावरून खांद्यावर घसरला, तो तिनं सावरला न्हाई.

मग मी तिसऱ्या खणातून चौथ्यात आलो, चौथ्यातून पाचव्यात. दार मोकळं. मी सायकल भिंतीला लावत होतो अन् माझे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण काय म्हणत होतो ते मला माहीत होतं. तेच. माणूस आलंय का मेलंय, हिला पत्ता नसतो. मग मी उंबरा ओलांडला अन् आत पाय पडला तसा हात टोपीला गेला. डोकं मोकळं केलं, तिनं केलं तसंच.

अप्पांनी थांबवलं. मी म्हणलं, "परत लावा." त्यांनी परत लावलं. चार वेळा लावलं. चौथ्या वेळी मी पाचव्या खणाकडं बघितलंच न्हाई, अप्पांकडं बघितलं. त्यांना पुढचं सगळं पाठ होतं. ती आत जायच्या आधीच त्यांची नजर उंबऱ्यावर जायची.

"हे तुम्ही आधी बघितलंय," मी म्हणलं.

"रोजचंच हाय हे. दोन वर्षं. पाच वाजता मी चहाला वर येतो, समोर टीव्ही असती. कोपऱ्यावर तू दिसलास की ती आत. एक दिवस चुकला न्हाई."

"अन् मला सांगितलं न्हाई?"

"तू बोलत होतास का माझ्याशी?"

उत्तर नसलं की माणूस वाकडं बोलतं. मी म्हणलं, "ती माझी वाट बघत होती. ते बघायचा हक्क माझा होता. तुम्ही कोण?"

आक्का दारातून म्हणाल्या, "अहो भाऊ, असं काय बोलता?" पण अप्पा चिडले न्हाईत. त्यांनी ती संध्याकाळ पेन ड्राईव्हवर घेतली, परत टीव्हीला लावून उतरली का ते बघितलं, अन् माझ्या हातावर ठेवली. चुन्याच्या डबीएवढी पण न्हाई.

"पुढच्या दिवसाचं पाहिजे का? दुपारचं, गाडीत घातलं ते?"

"न्हाई. ते लावू नका. ते पुसू द्या. अन् तुमच्याकडं ही संध्याकाळ राहिली, तीपण पुसा."

"ती उद्या आपोआप जाईल."

"उद्या न्हाई. आत्ता. ती तुमच्याकडं नको."

अप्पांनी चष्मा काढला अन् धोतराला पुसला. "एवढंच पुसता येत न्हाई रे, पुसलं तर सगळंच जातं. त्यापेक्षा उद्यापर्यंत कळ काढ." मग कपाळाला बोट लावलं, विभूतीवर. "पण इथलं कसं पुसशील? दोन वर्षांच्या संध्याकाळी हायेत इथं. पाऊस होता तेव्हा ती डोक्यावर गोणपाट घेऊन उभी होती. तुझी सायकल पंक्चर झाली तेव्हा साडेसातपर्यंत उभी होती, आक्कानं खाली जाऊन तिला चहा दिला. बायका हसायच्या म्हणून हातात उगंच परात धरायची, रिकामी."

"रिकामी?"

"रिकामी. मी वरून बघितलं ना."

मला त्यांचं तोंड फोडावं वाटलं. खरं सांगतो. माझ्या हातात एक संध्याकाळ अन् ह्या माणसाकडं दोन वर्षं.

"माझंपण वय झालंय," अप्पा म्हणाले. "नवं भरत जातं, जुनं पुसत जातं, माझ्याही डब्यात. त्याच्या आत ऐकायचं असलं तर येत जा."

मी खाली उतरलो. गल्ली ओलांडली, कुत्र्याला उठवलं, कुलूप काढलं. अप्पा वर टीव्हीत बघत असणार, हे मला माहीत होतं. उंबऱ्याच्या आत गेलो, मगच टोपी काढली.

लेकीनं ती संध्याकाळ मोबाईलमध्ये घेतलीय. रडती अन् म्हणती, आई किती छान हसती हो बाबा. मी टपरीवर जायचं बंद केलं. मिलचे सोळा क्यामेरे काय चुकतात ते चुकू देत.

आता पाच वाजले की मी गल्ली ओलांडून अप्पांकडं जातो. आक्का चहा देतात. अप्पा एक संध्याकाळ सांगतात, एकच, जास्त सांगत न्हाईत. काल त्यांनी गोणपाटाची सांगितली, ती मला आधीच सांगितली होती हे ते विसरले. मी टोकलं न्हाई. मला त्यांचा राग येतो, चहा अर्धा ठेवून उठतो. घरी येतो, म्हणतो, आता उद्यापासून जायचं न्हाई. अन् दुसऱ्या दिवशी पावणेपाचलाच टोपी घालतो, अप्पांचं अजून किती शिल्लक हाय कुणास ठाऊक.